चाचा कोण, सरखेल कोण

कॅरिबियन समुद्रातील चाच्यांवर बेतलेल्या गाजलेल्या हॉलीवूड चित्रपटमालिकेचा तिसरा भाग 2007 साली प्रदर्शित झाला. त्यात जगभरच्या चाच्यांच्या नऊ म्होरक्यांची सभा भरते आणि हिंदी महासागराचा म्होरक्या म्हणून संभाजी आंग्रे या नावाचा एक पगडीधारी माणूस त्या सभेत बसलेला दिसतो. खरे संभाजी आंग्रे हे कान्होजी आंग्रे यांचे चिरंजीव. बंधू सेखोजी यांच्या मागे ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे समुद्रावरील फौजेचे प्रमुख अधिकारी झाले आणि 1742 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचा मुक्काम विजयदुर्गावर होता. छत्रपतींच्या शिक्क्याने पद मिळालेला हा अधिकारी टॉर्टुगा आणि नासाऊ येथील लुटारूंच्या पंगतीला कसा जाऊन बसला, या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही. ते मुंबईकर इंग्रजांच्या अठराव्या शतकातील दप्तरात आहे, कारण त्या दप्तरात आंग्रे घराण्याचा उल्लेख अर्धशतकभर चाचे असाच होत राहिला आणि पुढे इंग्रजीतून लिहिल्या गेलेल्या पुस्तकांनी तो शब्द तसाच उचलला. त्या शब्दाचा खरेखोटेपणा तपासायचा असेल तर कॅरिबियनमधील चाचेगिरी प्रत्यक्षात कशी होती हे आधी पाहावे लागते, आणि तसे पाहताना असे दिसते की ती गोष्ट आणि कोकण-कानडा किनाऱ्याची गोष्ट पुष्कळ ठिकाणी एकमेकींत गुंतलेली आहे.

समुद्रावर दुसऱ्याचे जहाज बळाने ताब्यात घेण्याचे तीन प्रकार त्या काळी होते आणि तिन्हींत हत्यारे, जहाजे व माणसे बहुधा सारखीच असत; फरक असे तो कागदाचा. कोणाचाही परवाना न घेता जो लुटतो तो चाचा. शत्रुराष्ट्राची व्यापारी जहाजे पकडण्याचा लेखी परवाना राजाकडून किंवा त्याच्या सुभेदाराकडून घेऊन, स्वतःच्या भांडवलावर जहाज बाहेर काढणारा आणि लुटीचा ठरलेला हिस्सा सरकारात भरणारा तो परवानाधारक लुटारू. आणि आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यावर हक्क सांगून, तेथून जाणाऱ्या जहाजाने आपले पत्र घेतलेच पाहिजे असा दंडक घालणारी आणि पत्र नसलेले जहाज पकडणारी ती सत्ता. माणूस या तिन्ही घरांतून सहज ये-जा करीत असे. एकाचा परवाना दुसऱ्याच्या लेखी कवडीमोलाचा असे, आणि तह झाल्याची बातमी महासागर ओलांडून पोहोचायला महिने लागत असल्याने कालचा परवानाधारक आज नकळत गुन्हेगार ठरत असे.

कॅरिबियन समुद्रात हा खेळ स्पेनच्या मक्तेदारीतून उभा राहिला. 1494 च्या टोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी युरोपाबाहेरचे जग आपापसांत वाटून घेतले. इंग्रज, फ्रेंच व डच यांना तो वाटा अर्थातच मान्य नव्हता. मेक्सिको आणि पेरूची चांदी ठरावीक मोसमात, ठरावीक बंदरांतून, ताफ्याने स्पेनकडे निघत असे, आणि तिच्या वाटेवर शेकडो बेटे, उथळ खाड्या व निर्जन पुळणी होत्या. हिस्पॅनिओला बेटाच्या रानात मोकाट गुरे व डुकरे मारून त्यांचे मांस लाकडी मांडवावर धुराने सुकवून विकणारे काही फ्रेंच शिकारी होते. त्या मांडवाच्या स्थानिक नावावरून त्यांना बुकॅनिअर म्हणत. स्पॅनिश सत्तेने त्यांना तेथून हुसकावल्यावर हेच लोक टॉर्टुगा बेटावरून समुद्रात उतरले. पुढे जमैकाच्या इंग्रज गव्हर्नरांनी त्यांना कागद दिले, कारण बेटाच्या रक्षणासाठी लंडनहून आरमार मागवण्यापेक्षा लुटारूंना परवाने देणे स्वस्त पडत होते. त्यांच्यातल्याच हेन्री मॉर्गनने 1671 मध्ये पनामा लुटले तेव्हा इंग्लंड व स्पेन यांच्यात तह होऊन काही महिने लोटले होते. त्याला धरून लंडनला नेण्यात आले खरे, पण शिक्षेऐवजी सर ही पदवी मिळून तो जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परतला. ज्या पोर्ट रॉयल बंदरात या लुटीचा पैसा खेळत होता ते बंदर 7 जून 1692 च्या भूकंपात बरेचसे समुद्रात गेले.

मॉर्गनची कथा वाचताना कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील त्याहून जुन्या एका माणसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. होन्नावरचा तिमोजी हा विजयनगरच्या बाजूने समुद्रावर वावरणारा, स्वतःची गलबते बाळगणारा नाईक. पोर्तुगीज बखरकार त्याला चाचा म्हणत. त्याच तिमोजीने 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कला आदिलशाहीच्या ताब्यातील गोव्यावर चालून जाण्याचा सल्ला दिला, स्वतः साथ दिली, आणि गोवा हाती आल्यावर पोर्तुगिजांनी त्याला तेथे अधिकारपद दिले. कालचा चाचा आज अंमलदार होणे ही रीत कॅरिबियनमध्ये जन्माला येण्याच्या दीडशे वर्षे आधी आपल्या किनाऱ्यावर होऊन गेली होती.

कॅरिबियन चाच्यांचा जो काळ कथा-चित्रपटांत रंगवला जातो तो प्रत्यक्षात फार थोडा होता. 1713 मध्ये युट्रेक्टच्या तहाने युरोपातील मोठे युद्ध थांबले, हजारो खलाशी एका फटक्यात बेकार झाले, व्यापारी जहाजांवरचा पगार घसरला, आणि बहामा बेटांतील नासाऊ हे निर्नायकी बंदर त्यांचा अड्डा बनले. 1717 मध्ये इंग्लंडच्या राजाने शरण येणाऱ्यांना माफी जाहीर केली, 1718 मध्ये वुड्स रॉजर्स गव्हर्नर म्हणून नासाऊला उतरला, त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला काळदाढ्या, म्हणजे ब्लॅकबिअर्ड, या नावाने गाजलेला टीच मारला गेला आणि 1722 मध्ये बार्थोलोम्यू रॉबर्ट्स आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ पडला. म्हणजे जेमतेम दहा वर्षांत सगळा मामला आटोपला. कैद्याला फळीवरून समुद्रात चालायला लावणे आणि खजिन्याच्या नकाशावर फुली मारणे या गोष्टी मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील ललित साहित्याने, विशेषतः 1883 साली पुस्तकरूपाने आलेल्या स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीने, लोकांच्या मनात बसवल्या. लुटीत सोन्याच्या पेट्या क्वचितच सापडत. साखर, तंबाखू, कापड, दारू, औषधांची पेटी, शिडाचे कापड, दोरखंड आणि नांगर हाच रोजचा माल होता, आणि तो पुरून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. तो लवकरात लवकर विकावा लागे. त्यामुळे विकत घेणारा व्यापारी व डोळेझाक करणारा अधिकारी किनाऱ्यावर असल्याशिवाय समुद्रावर चाचा जगूच शकत नसे.

जहाजावरचे जीवन मात्र कादंबरीकारांनी कल्पिलेल्यापेक्षाही विलक्षण होते. मोहिमेवर निघण्यापूर्वी करार लिहिला जाई, कप्तान मतांनी निवडला जाई व मतांनीच काढला जाई; रॉबर्ट्सच्या जहाजावर कप्तानाला लुटीचे दोन वाटे आणि साध्या खलाशाला एक असा हिशेब होता. व्यापारी जहाजावर ज्यांनी उपासमार आणि फटके सोसले होते त्यांना हा करार किती मोलाचा वाटला असेल हे समजू शकते. परंतु त्याच करारांची दुसरी बाजू नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एक्स्क्वेमेलिन याने स्वतः बुकॅनिअरांत राहून लिहिलेले आणि 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला छापले गेलेले पुस्तक जखमांच्या भरपाईचा दर सांगते: उजवा हात गेला तर चांदीची 600 नाणी, नाहीतर 6 गुलाम. समतेची भाषा बोलणाऱ्या त्या गलबतावर माणूसही नाण्यांच्या जागी मोजला जात होता. काळदाढ्याचे प्रसिद्ध जहाज मुळात माणसे वाहून नेणारे फ्रेंच गुलामवाहू जहाज होते.

कोणत्याही उष्ण समुद्रातील लाकडी जहाजाचा सर्वांत मोठा शत्रू तोफगोळा नसून बोटभर लांबीचा एक मऊ शिंपलेवर्गीय जीव असतो, जो पाण्याखालच्या फळ्यांत शिरून लाकूड आतून पोखरत जातो. वरून फळी शाबूत दिसते आणि हाताने दाबली तर चाळणीसारखी खचते. शिवाय शेवाळ आणि शिंपल्यांचा थर तळाला चढला की वेग बराच घटतो, आणि वेग हेच ज्याचे भांडवल त्या चाच्याला दर काही महिन्यांनी एखाद्या आडबाजूच्या पुळणीवर जहाज भरतीला चढवून, ओहोटीत एका कुशीवर कलते करून, तळ घासून, जाळून, डांबर-चरबीचा लेप द्यावा लागे. या दोन-तीन आठवड्यांत जहाजावरच्या तोफा किनाऱ्यावर उतरवलेल्या असत आणि चाचा पूर्ण असहाय असे. कोकणात हेच काम पावसाळ्याच्या तोंडावर होई. सागवान जात्याच कीड सोसणारे, त्यावर तेल, चुना आणि राळ यांचा लेप, आणि मृग लागण्यापूर्वी गलबते खाडीत किंवा गोदीत ओढलेली. मराठ्यांचे आरमार चार महिने समुद्रावर नसे ते ऋतूमुळे. कॅरिबियनमधील वारा बाराही महिने बहुतेक पूर्वेकडून वाहतो, जून ते नोव्हेंबर वादळे येतात पण समुद्र बंद होत नाही; अरबी समुद्र मात्र नारळी पौर्णिमेपर्यंत दार लावून घेतो. तेथील चाचा घरदार नसलेला आणि सतत भटकणारा का झाला, आणि येथील दर्यावर्दी प्रत्येक पावसाळ्यात आपल्या खाडीला, शेताला, देवाला परतणारा का राहिला, याची निम्मी मीमांसा या वाऱ्यातच आहे.

दोन्ही समुद्र एकमेकांशी जोडले गेले ते मोगलांच्या जहाजांमुळे. कॅरिबियनमध्ये स्पॅनिश शिकार दुर्मिळ होत गेली तशी न्यूयॉर्क, बर्म्युडा, जमैका येथून निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करला येऊ लागली. तेथील सेंट मेरी बेटावर पाणी आणि अन्न घेऊन ती तांबड्या समुद्राच्या तोंडाशी दबा धरून बसत, कारण मक्केहून सुरतेला परतणाऱ्या जहाजांत यात्रेकरूंबरोबर मोख्याच्या बाजारात माल विकून आलेली रोकड असे. 1695 च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी याने औरंगजेबाचे गंज-ए-सवाई हे प्रचंड जहाज गाठले. जहाजावर 80 तोफा होत्या असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो, पण लढाईच्या सुरुवातीलाच एक तोफ स्वतःच फुटली, एव्हरीच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी जायबंदी केली आणि प्रतिकार कोसळला. नंतर कित्येक दिवस जहाजावर लूट, छळ आणि स्त्रियांवर अत्याचार चालले. खाफीखानाच्या मते 52 लाख रुपये गेले. सुरतेतील इंग्रजांना, त्यांच्या रक्षणासाठीसुद्धा, बेड्या घालून वखारीत कोंडावे लागले. एव्हरी मात्र पुढे बहामा बेटांतील नासाऊला गेला आणि गव्हर्नराचे हात ओले करून आपल्या माणसांसह नाहीसा झाला. हज यात्रेकरूंच्या थैल्यांतील पैसा कॅरिबियनमधील बंदरात उधळला गेला, आणि ज्या वेळी इंग्रजी वसाहतींत ही लूट उघड पचवली जात होती त्याच वेळी मुंबईचे इंग्रज मलबार किनाऱ्यावरील लोकांना चाचे म्हणत होते, ही विसंगती फार थोड्या इंग्रजी ग्रंथकारांना खटकलेली दिसते.

चाच्यांना पकडण्यासाठी इंग्लंडच्या राजाचा परवाना घेऊन निघालेला विल्यम किड 1697 च्या सप्टेंबरात कारवारला आला. त्याचे जहाज 34 तोफांचे होते आणि त्याला वल्हीही होती. खलाशांना पगार नव्हता, लूट मिळाली तर हिस्सा एवढाच करार. महिनोन्‌महिने काहीच हाती लागले नाही तेव्हा जहाजावर धुसफूस वाढली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस झालेल्या भांडणात किडने विल्यम मूर या आपल्या गोलंदाजाच्या डोक्यात लोखंडी कड्यांची लाकडी बादली हाणली. मूर दुसऱ्या दिवशी मेला. 1698 च्या जानेवारीअखेर कोचीजवळ किडने ‘केदा मर्चंट’ हे जहाज पकडले. त्यातील मलमल, रेशीम, साखर, लोखंड व सोरा हा माल मुख्यतः आर्मेनियन व्यापाऱ्यांचा होता, एका मोगल सरदाराचाही त्यात वाटा होता, कप्तान इंग्रज होता, आणि जहाजावर परवाने होते ते फ्रेंचांचे. फ्रान्सशी इंग्लंडचे वैर असल्याने फ्रेंच परवान्याचे जहाज पकडणे आपल्या कागदात बसते असे किडचे म्हणणे पडले. लंडनला खटला उभा राहिला तेव्हा ते फ्रेंच परवाने न्यायालयापुढे आलेच नाहीत. 23 मे 1701 रोजी किडला थेम्सच्या काठी फाशी देण्यात आले. पहिल्या वेळी दोर तुटला म्हणून दुसऱ्यांदा चढवले. ते दोन परवाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरातच मिळाले. किड निर्दोष होता असे यावरून म्हणता येत नाही, पण माणसाचा जीव कागदाच्या एका तुकड्यावर कसा टांगलेला असे हे यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार?

कारवारच्या या किनाऱ्याचा आणि बंगळुरूचा संबंध वरवर पाहता काहीच दिसत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच पठारावर आहे आणि पश्चिमेचा समुद्र घाटापलीकडे साडेतीनशे किलोमीटरवर. परंतु 1638 मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले, ते पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले, आणि त्याच वर्षी इंग्रजांची वखार कारवारला मिरीच्या व्यापारासाठी उघडली, हे दोन प्रसंग एकाच कर्नाटकातील आहेत. मिरी आणि तांदूळ घाटावरून व घाटाखालच्या खोऱ्यांतून बंदरांत उतरत आणि घोडे बंदरांतून वर चढत. पठारावरच्या सत्तेला बंदरांकडे पाठ फिरवून चालत नसे. बंगळुरूला वडिलांच्या सहवासात काही काळ राहिलेल्या शिवाजी महाराजांनी 1665 च्या फेब्रुवारीत मालवणहून आरमार काढले आणि कुंदापूरजवळच्या खाडीच्या आत वसलेल्या बसरूर या श्रीमंत तांदूळ-बंदरावर छापा घातला. कारवारच्या इंग्रजांनी लिहून ठेवलेला आकडा 85 गलबते आणि 3 मोठी जहाजे असा आहे. परतताना महाराज गोकर्णाला तीर्थस्नान करून अंकोल्यावरून कारवारला आले, तेथील व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून खंडणी दिली, आणि इंग्रजांच्या वाट्याला 112 पौंड आले. आज बंगळुरूचा मराठी माणूस सुटीला गोकर्ण-कारवारच्या रस्त्याने जातो तेव्हा डाव्या हाताला दिसणारा समुद्र तो हाच.

समुद्रावर पत्र घ्या नाहीतर जहाज जाईल, हा दंडक या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी घातला. त्यांच्या पत्राला कार्ताझ म्हणत, आणि ते न घेतलेले जहाज जप्त होई, मग ते कोणत्याही राजाचे असो. मुंबईचे इंग्रजही देशी व्यापाऱ्यांना आपले पास विकत असत. कान्होजी आंग्रे यांनी दस्तक देऊन तेच केले, आणि नेमक्या याच कृत्याला चाचेगिरी म्हटले गेले. 1698 च्या सुमारास सरखेलपद मिळालेल्या कान्होजींनी 1713-14 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहू छत्रपतींशी समेट केल्यावर त्यांच्या हाती किनाऱ्यावरील किल्ल्यांची साखळी, तिच्या मागचा मुलूख, जकात आणि अलिबागी रुपया पाडण्याइतकी सत्ता होती. नासाऊच्या एकाही लुटारूने नाणे पाडले नाही, वसूल घेतला नाही, गाव वसवले नाही. अलिबाग कान्होजींच्या काळात वाढले.

वाद नेमका कशावर होता हे 1712 च्या घटनेतून कळते. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन आपल्या तरुण पत्नीसह मुंबईहून गव्हर्नराच्या शस्त्रसज्ज नौकेच्या सोबतीने कारवारकडे निघाला असता कान्होजींच्या गलबतांनी त्यांना गाठले. लढाईत चाऊन मारला गेला, जहाजे कुलाब्याला आणली गेली, आणि त्या विधवेची 30,000 रुपये घेऊन 1713 च्या आरंभी सुटका झाली. त्याच वेळी तहही झाला. मात्र तहातील इंग्रज जहाज या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीचे जहाज, असे कान्होजी म्हणत. कंपनीचा पास घेतलेले कोणाचेही जहाज, असे मुंबई म्हणे. देशी व्यापाऱ्याने इंग्रजी निशाण लावले की सरखेलाची जकात बुडाली, मग त्या समुद्रावर हक्क कसला, हा कान्होजींचा प्रश्न आजच्या वाचकालाही बिनतोड वाटावा. 1724 मध्ये मुंबईच्या गव्हर्नराला पाठवलेल्या उत्तरात त्यांनी दुसऱ्याच्या मालाचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही, ही तर जगाचीच रीत आहे, अशा आशयाचे सुनावले आहे.

त्यांची ताकद दोन प्रकारच्या जहाजांत होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, साधारण 150 ते 300 टनांचे, उथळ तळाचे जहाज. अरबीत त्या शब्दाचा अर्थ कावळा. नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, रोखलेल्या दोन जड तोफा हे त्याचे वैशिष्ट्य. गलबत त्याहून हलके, क्वचितच 70 टनांवर जाणारे, 40-50 वल्ह्यांचे. युरोपीय जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींत असत आणि मागची बाजू जवळजवळ उघडी. कोकण किनाऱ्यावर रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, आणि या दोन्हींच्या मध्ये सकाळी काही काळ वारा पडतो. उंच डोलकाठ्यांचे इंग्रज जहाज शिडे लोंबकळत जागीच थांबले की खाडीतून गलबते वल्हवत बाहेर पडत, दोरखंड बांधून गुराबांना ओढत आणत, शत्रूच्या पिछाडीला तिरकस कोनात उभी करीत, आणि नाळेच्या तोफा त्याच्या सुकाणूवर व डोलकाठ्यांवर चालत. जहाज लंगडे झाले की तलवार घेतलेले भंडारी, कोळी, गाबीत, दालदी असे सर्व जातींचे लोक चहूकडून वर चढत. वारा सुटला तर हेच इंग्रज जहाज त्या गलबतांना तुडवून निघून जाऊ शकत असे; म्हणून आंग्रे यांची युद्धनीती ही मुळात वेळ ओळखण्याची नीती होती. मुंबईच्या गव्हर्नर बूनने 1717 मध्ये विजयदुर्गावर, 1718 मध्ये खांदेरीवर, 1720 मध्ये फ्रॅम नावाची तरंगती तोफशाळा बांधून पुन्हा विजयदुर्गावर मोहिमा काढल्या आणि तिन्ही फसल्या. 1721 च्या अखेरीस पोर्तुगीज फौज आणि इंग्लंडच्या राजाची जहाजे एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आली. तीही मोहीम बाजीराव पेशव्यांची कुमक आल्यावर मोडली.

या राजाच्या जहाजांचा प्रमुख मॅथ्यूज हा खरे तर मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला आला होता. ते चाचे त्या सुमारास याच समुद्रात होते. 1720 मध्ये टेलर आणि इंग्लंड या कप्तानांनी कोमोरो बेटांजवळ ‘कॅसान्ड्रा’ हे कंपनीचे जहाज घेतले आणि त्याच जहाजाने ते मलबार किनाऱ्यावर आले. मॅथ्यूजच्या ताफ्यावर नोकरी केलेला क्लेमेंट डाऊनिंग आपल्या 1737 च्या पुस्तकात जमैकात जन्मलेल्या जेम्स प्लँटेन या चाच्याची हकीकत सांगतो: मादागास्करच्या एका उपसागराचा तो स्वयंघोषित राजा होता, तेथे दिवस फिरल्यावर तो आंग्रे यांच्या आश्रयाला आला आणि त्यांच्या चाकरीत गोलंदाज म्हणून राहिला. कॅरिबियनच्या मातीतला एक अस्सल चाचा कोकणात आला तो चाचा म्हणून नव्हे, पगारी चाकर म्हणून, ही हकीकत चित्रपटातील त्या सभेपेक्षा किती तरी अधिक बोलकी आहे.

आंग्रे यांना चाचा न म्हणणे म्हणजे त्यांच्या दहशतीवर पांघरूण घालणे नव्हे. पकडलेले खलाशी किल्ल्यांत वर्षानुवर्षे अडकून पडत, खंडणी न देऊ शकणाऱ्या गरीब तांडेलाची दाद कोणीही घेत नसे, आणि संभाजींच्या मागे आलेल्या तुळाजी आंग्रे यांच्या काळात किनाऱ्यावरील स्वकीयांनाही त्या बळाची झळ पोहोचली. पेशव्यांशी त्यांचे वैर त्यातूनच विकोपाला गेले. शिवकालीन परंपरेचा जो दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात नोंदला आहे तो यापेक्षा पुष्कळ उंच होता: आरमाराने व्यापारी जहाजाला विनाकारण उपद्रव देऊ नये, आंबा-फणसाची झाडे रयतेने मुलासारखी वाढवलेली असतात म्हणून जहाजांसाठी ती बळाने तोडू नयेत, जुने झालेले झाड मालकाच्या राजीखुशीने मोल देऊन घ्यावे. लढाऊ आरमार उभारताना झाडाच्या मालकाचा विचार करणारी ही राजनीती त्या काळच्या कोणत्या दर्यावर्दी सत्तेच्या कागदांत आहे हे शोधून पाहण्याजोगे आहे.

शेवट झाला तो पेशवे आणि इंग्रज एकत्र आल्याने. 1755 च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या आरमारातील विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गाखाली आली, आणि एका गोळ्याने लागलेली आग एका जहाजावरून दुसऱ्यावर जात आंग्रे घराण्याने उभे केलेले आरमार खाडीत जळून गेले. मोहीम मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज सरदारांनी लुटीची वाटणी कशी करायची हे सभा घेऊन ठरवले होते. वॉटसनचा वाटा किती, क्लाइव्हचा किती यावर रुसवेफुगवे झाले, आणि किल्ल्यात मिळालेले सुमारे दहा लाख रुपये सैनिक-खलाशांत वाटले गेले, पेशव्यांना त्यातला छदामही मिळाला नाही. चाच्यांचे पारिपत्य म्हणून गौरवलेल्या या मोहिमेचा करारनामा आणि बुकॅनिअरांचा करारनामा शेजारी ठेवले तर हस्ताक्षर तेवढे वेगळे दिसेल.

आंग्रे यांच्या आरमाराने मोकळी केलेली जागा पश्चिम किनाऱ्यावरील दुसऱ्या कोणत्याही देशी सत्तेला भरून काढता आली नाही. बंगळूर ज्याच्या जहागिरीत होते त्या हैदर अलीने 1763 मध्ये बिदनूर जिंकले, मंगळूर व होन्नावर ही बंदरे मिळताच जहाजे बांधायला घेतली, आणि 1768 मध्ये मुंबईकर इंग्रज मंगळुरात उतरताच तो ताफा हातचा गेला. टिपूने 1796 मध्ये मोठ्या आरमाराचा आराखडा कागदावर आणला तेव्हा राज्याला तीनच वर्षे उरली होती. घाटातले सागवान भरपूर होते. बंगळुरूच्या जुन्या किल्ल्यालगतच्या टिपूच्या राजवाड्याचे खांब आजही त्या लाकडाची जात दाखवतात. नव्हते ते किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले, वाऱ्याची वेळ ओळखणारे मनुष्यबळ, जे कुलाबा ते विजयदुर्ग या पट्ट्यात तयार होऊन जळाले होते.

किडने पकडलेले ‘केदा मर्चंट’ मादागास्करमार्गे कॅरिबियनमध्ये पोहोचले, हिस्पॅनिओलाच्या किनाऱ्याशी सोडून दिले गेले आणि त्याच्या माणसांनी ते जाळले. 2007 च्या अखेरीस, आज डोमिनिकन प्रजासत्ताकात असलेल्या कॅटालिना बेटालगत, जेमतेम तीन मीटर स्वच्छ पाण्यात त्याचे अवशेष सापडले: एकमेकींवर पडलेल्या तोफांचा ढीग, नांगर, आणि खाली वाळूत दबलेला तळाचा लाकडी भाग. ते लाकूड तपासले तेव्हा निघाले सागवान, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे.